तिसरा उतारा

अलकापुरीत, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर
किन्नरीबेन स्टॉपवॉच लावतात आणि म्हणतात,
‘वांचवानुं नथी, हेमांगीबेन. शोधवानुं छे.’
साठ मिनिटं, तीन उतारे, चाळीस प्रश्न.
आधी प्रश्न बघा, मग उताऱ्यात शिरा,
आकडा, नाव, साल, हाती लागलं की बाहेर.
विसाव्या मिनिटाला उतारा सोडायचा
आणि मागे वळून बघायचं नाही.

हे कुठेतरी ऐकलेलं.
धाकट्याचा ताप उतरेना की आई भाकरतुकडा ओवाळायची,
रावपुऱ्यातल्या तिठ्यावर ठेवून यायला मला धाडायची.
त्यालाही उताराच म्हणायचे.
मागे वळून बघायचं नाही.
मी बघायचे.
कुत्रं खातंय, की कावळा, की कोणीच नाही.

रात्रपाळी संपवून थेट वर्गाला येते.
केसांना अजून स्पिरिटचा वास.
पुढच्या बाकावरची पोरं वीस-बावीसची,
ओल्या फरशीवरून चप्पल घसरावी तशी
त्यांची नजर ओळींवरून सुटते.
माझी नजर शब्दाशब्दाशी थांबते,
घरी सगळे बरे ना, विचारते.

तसं घाईचं वाचन मला येत नाही असं नाही.
नाडी आम्ही पंधरा सेकंद मोजतो
आणि चारानं गुणतो.
अठरा चोक बहात्तर. लिहा, पुढची कॉट.
एका वॉर्डात चौतीस कॉट असतात,
कोण मोजत बसणार पूर्ण मिनिट?

अकरा नंबरला फणसेकाका होते.
बहात्तर लिहून मी वळले
तर त्यांनी हात सोडला नाही.
मुलगा ऑकलंडला कसा गेला ते सांगत राहिले,
आणि माझी बोटं मनगटावर तशीच राहिली.
एकेचाळिसाव्या सेकंदाला एक ठोका आलाच नाही.
मग पुन्हा सगळं सुरळीत.

पहिला उतारा मधमाश्यांचा, सतरा मिनिटं.
दुसरा काचेचा, बावीस.
तिसऱ्यात एक दीपगृह, एक राखणदार,
एकतीस वर्षं रोज वारा आणि धुकं लिहिणारा,
आणि एका मंगळवारी कोरं पान.
प्रश्न विचारतात फक्त
धुक्याची घंटा कुठल्या परिच्छेदात आहे.
सदतिसावा प्रश्न:
राखणदार आजारी होता. खरं, खोटं, की उल्लेख नाही?
मी मंगळवारपाशी थांबले
तेवढ्यात किन्नरीबेननी पेन खाली ठेवायला सांगितलं.
चार प्रश्न कोरे.

‘आवडीचं वाचायला तिकडे गेल्यावर आयुष्य पडलंय,’
असं त्या म्हणाल्या, गुजरातीत, आणि प्रेमानं.
खोटं नाही ते.
सात बँड, मग व्हिसा, मग तिकडच्या वॉर्डातल्या कॉट.
पुढच्या शनिवारी मी तिसऱ्या उताऱ्याला
आधी हात घालणार आहे, पंचवीस मिनिटं देऊन.
मधमाश्यांना थोडं कमी.

रिक्षा काळ्या घोड्यापाशी सिग्नलला अडते.
लाल आकडे उलटे उतरतात, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी.
पर्समधून पेपर काढते,
पहिल्या ओळीपासून वाचायला घेते.
हिरवा लागतो. मागचे हॉर्न वाजवतात.
मी मंगळवारवर बोट ठेवते,
जरा दाबून.