हातचा एक

एप्रिलात बर्फाला भोक पाडून
इनुआपिक नळकांडं उलटं धरतो.
दीड मीटर पांढऱ्याच्या अगदी टोकाशी
बोटभर तपकिरी थर,
कपाच्या तळाशी चहाचा साका उरावा तसा.
मी वहीत लिहिते: जाडी, वजन, तारीख.
हे ऊन आहे, असं लिहायला रकाना नाही.

चार महिने रात्र होती.
आता बर्फातून झिरपलेला निळसर उजेड
शेवाळ पिऊन घेतंय, डोकं खाली, पाय वर,
छताला लटकून.

त्याला खायला तांदळाच्या कणीएवढा जीव येतो.
भिंगाखाली पारदर्शक,
आणि पोटात तेलाचा एक लांबट थेंब,
उभ्या हिवाळ्याची शिदोरी.
ती घेऊन तो खोल अंधारात उतरेल
आणि महिनोन् महिने काही न खाता
तेवत राहील.
उतरण्याआधी कॉड माशाने गाठलं नाही तर.

दक्षिणेकडून आलेल्या बाईंनी फळ्यावर दाखवलं होतं:
प्रत्येक पायरीला दहातले नऊ जातात,
एक वर चढतो. साधारणपणे.
मी घरी येऊन आईला सांगितलं.
आलुकी सील सोलत होती,
उलूचं अर्धचंद्री पातं चरबीखालून सरकत होतं.
"नऊ जातात कुठे?"
श्वासात. पोहण्यात. थंडीशी झगडण्यात.
"मग खर्च झाले म्हण," ती म्हणाली,
"वाया कुठे गेले?"

सकाळी या सीलच्या तोंडात
मामाने वितळलेल्या बर्फाचं पाणी ओतलं होतं.
आयुष्यभर खाऱ्यात राहिलेल्याला तहान असते.
हे पाणी कुठल्या पायरीवर मांडायचं,
मी बाईंना विचारलं नाही.

काळीज गरम असतानाच वाटलं गेलं.
शेजारच्या म्हाताऱ्याला, बाळंतिणीला,
मग आम्हाला.
माझ्या एका घासामागे दहा घास मासे,
माशांमागे शंभर घास ते कणीएवढे जीव,
त्यांच्यामागे हजार घास तपकिरी साका,
आणि त्याच्यामागे
बर्फावर पडून परत फिरलेलं केवढं तरी ऊन,
ज्याचा घासच होत नाही.

आई चरबीत बोटं रोवून जाडी मोजते.
तीन बोटं.
तिच्या आईच्या वेळी चार असायची म्हणते,
पण तिच्या आईची बोटं बारीक होती,
हेही तीच सांगते.
हल्ली बर्फ लवकर फुटतो.
गेल्या उन्हाळ्यात जाळीत
दक्षिणेकडचे जीव जास्त आले,
लहान, चपळ,
पोटातला थेंब दिसेल न दिसेल एवढा.
वहीत त्यांच्यासाठी मी नवा रकाना आखला.
पट्टी नव्हती, रेघ वाकडी गेली.

रात्री वीज गेली तेव्हा
आईने दगडी दिवा काढला,
शेवाळाची वात काठावर पसरली,
चरबी ठेचून घातली.
पिवळी, बुटकी ज्योत.
जनरेटर सुरू होईपर्यंत
त्या उजेडात मी वही पुरी केली.
किती हात बदलून आला होता तो,
आणि अजून माझी सावली पाडण्याइतका उरला होता.

आतडी आम्ही सकाळीच भोकातून परत सोडली होती.
खाली कोणीतरी
दहापासून मोजायला लागलं असेल.