निराकरण

शाईची बाटली माझ्याकडे होती.
काम एवढंच: डाव्या तर्जनीवर रेघ ओढायची,
नखापासून पहिल्या पेरापर्यंत,
आणि ती सुकेपर्यंत माणूस थांबवायचा.
माणूसच नव्हता.

मानगाळी, तालुका खानापूर.
जीप नाल्याच्या अलीकडे थांबते,
पुढे यंत्र डोक्यावर घेऊन बांबूच्या साकवावरून.
दर दिवाळीनंतर गाव तो बांधतं,
दर आषाढात नाला घेऊन जातो.
सत्त्याऐंशी मतदार, सगळे घरात.
शाळेच्या भिंतीवर कोळशाने: पूल नाही तर मत नाही.
खाली तेच कन्नडमध्ये.
‘मत’ दोन्हीकडे तोच शब्द.

पहाटे साडेपाचला चाचणी घेतली.
एकाही पक्षाचा एजंट फिरकला नाही,
मग आम्हीच बटणं दाबली, पन्नास मतं,
त्यातली चौदा माझी.
उप्पिन सरांनी नियमाप्रमाणे सगळी पुसली.

अकराला सेक्टर अधिकारी आले.
साकवावर एक पाय ठेवून बघितला, काढून घेतला.
पलीकडूनच ओरडले, “एष्टु?”
उप्पिन सर इकडून, “सोन्ने!”
शून्य नाल्यावरून नीट ऐकू गेलं.
ह्या लोकांना सक्तीच पाहिजे, साहेब म्हणाले,
मत नाही तर दंड,
दंड नाही भरला तर रेशन बंद.
पोलिसाने मान हलवली.
मीही हलवली असेल.
वर्गात हजेरीचे मार्क मीच देते.

दुपारभर यादी वाचत बसले.
एकतीस, विठू बोडके. वारून तीन वर्षं झाली,
त्याला दंडाची नोटीस कोण पोचवणार?
बेचाळीस ते अठ्ठेचाळीस गोव्यात, काजूच्या कारखान्यात,
एका मतापायी तीन दिवसांची हजेरी बुडते.
पंचावन्न, ठक्कुबाई जोरे.

ती पावणेसहाला आली,
ठकूबाई झोरे,
ताकाचा तांब्या आधी टेबलावर.
“दिसभर माशा मारत बसलाय, प्या.”
मग बोट पुढं केलं.
शाई भेगांत शिरली, रेघ कसली, झाडाची मुळंच उमटली.
वहीत अंगठा उठवला
आणि पुठ्ठ्याच्या आडोशाजवळ जाऊन थांबली.

“दाबणार न्हाई.”
मग आलात कशाला, मावशी?
“घरात बसलेले तुमच्या वहीत आळशी हुतील.
माझं लिवून घ्या. आले हुते. दिलं न्हाई.”

मी तिला सक्तीचं सांगितलं.
“करा की,” ती म्हणाली, “आधी पुलाला करा.
त्याला म्हणावं,
पाच वर्सांतनं एक दिस तरी ये.”

उप्पिन सरांनी पुस्तिका चाळली. नियम होता.
शेऱ्याचा रकानाही होता, दीड बोट रुंद.
त्यात त्यांनी कन्नडमध्ये लिहिलं: निराकरणे.
त्यांच्या भाषेत तो नकार.
माझ्या भाषेत तक्रारीचं निराकरण होतं,
म्हणजे फाईल मिटते.
मी तसं त्यांना सांगितलं.
ते बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले,
मग वही माझ्याकडे सरकवली, “नीवे बरीरी,”
आणि उगाचच खिडकीबाहेर पाहू लागले.
मी खाली देवनागरीत बारीक लिहिलं:
आली होती. दिलं नाही.
सरांनी सही केली.

वहीत एक, यंत्रात शून्य.
जुळवाजुळव करता करता अंधार पडला.
परतताना साकवावर ठकूबाईचा नातू पुढे, हातात बॅटरी,
यंत्र पोलिसाच्या डोक्यावर,
आतल्या शून्याचं वजन जाताना होतं तेवढंच.

पिशवीत बाटली कलंडली ते कळलंच नाही.
सकाळी खानापूर स्टँडवर कंडक्टरने माझा हात बघितला,
पाचही बोटं जांभळी.
“काय बाई, किती मतं दिलीत?”

माझं ड्युटीचं टपाली मतपत्र आलंच नव्हतं.
“चौदा,” मी म्हटलं.
तो खळखळून हसला.
बेळगाव एक, आणि सुट्टे द्या.