शून्याच्या पुढे

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
आमच्या नदीचं कुणी विचारतही नाही.
डॅन्यूब मोजायची ती मुखापासून:
सुलिनाच्या जुन्या दीपगृहाशी शून्य,
मग उलटं, प्रवाहाला छातीवर घेत,
जर्मनीतल्या कुठल्याशा ओल्या गवतापर्यंत.

लाव्रेंती एकतीस वर्षं बार्जवर होता.
फोनवर कधी गावाचं नाव सांगितलं नाही त्याने.
"एक हजार नऊशे एकोणतीस," म्हणायचा,
म्हणजे व्हिएन्ना, म्हणजे पाऊस, म्हणजे पगार झालेला.
मी स्वयंपाकघराच्या दाराआड पेन्सिलीने आकडा लिहायचे.
वाढत गेला की दाराला कडी.
उतरू लागला की उशांना ऊन.

सर्बियात ती पुरुष असते, तो सांगायचा, दुनाव.
आपल्याकडे आली की बाई होते, दुनेरिया.
एवढं ओझं वाहायचं म्हटल्यावर, मी म्हणायचे,
व्हावंच लागतं.

एका सप्टेंबरात पाणीच आटलं.
अकरा दिवस एकच आकडा: पाचशे चौपन्न.
वाळूवर बसलेलं बार्ज, पोटात गहू,
एका काठाला बल्गेरिया, दुसऱ्या काठाला आपण,
आणि दोन्हीकडची कुत्री, तो म्हणाला,
एकाच भाषेत भुंकतात.
मी तोच आकडा अकरा वेळा लिहिला, खालीखाली.
वाट बघत होते ती माणसाची
की उतरत्या आकड्याची,
तेव्हा मला सांगता आलं नसतं.

आता तो घरीच असतो.
सकाळी सवयीने विचारते, "आज कितवा?"
"शून्य," म्हणतो, आणि साखरेचा डबा शोधत बसतो,
एकतीस वर्षं तो एकाच फळीवर आहे.
रात्री डावा हात पलंगाबाहेर सोडून झोपतो,
दोर हाताशी असावा तसा.

काल त्याला दीपगृहाकडे नेलं.
बांधलं तेव्हा समुद्र पायरीशी होता म्हणे.
नदी गाळ आणत राहिली, दहा देशांची माती,
समुद्र मागे सरला.
आता ते गल्लीत उभं आहे,
कोंबड्या आणि वाळत घातलेल्या चादरींमध्ये.

"इथे संपते," तो म्हणाला.
मी बोट दाखवलं. पाणी थांबलं नव्हतं.
शून्य ओलांडून, बोरूच्या बेटांना वळसा घालून,
एकाही पाटीशिवाय
ते आणखी बरंच पुढे चाललं होतं.
"तिथला आकडा कुठला?"
त्याला येईना.

मी चालू लागले.
"पुढे चिखल आहे," तो मागून ओरडला.
असणारच, म्हटलं,
तुझ्याच वाटेवरचा आहे.