शेवटची अकरा पानं

फेरीबोट अजून पलीकडच्या धक्क्यालाच आहे.
तिकीट घेतलंत, आता हेही घ्या.
पुठ्ठा गेलाय, नावाचं पान गेलंय,
आम्ही याला नुसतं 'विहिरीवालं' म्हणतो.
पहिल्याच पानावर पोहरा वर येतो
आणि पोहऱ्यात चष्मा.

फारच घाई असेल तर 'घड्याळवालं' न्या.
खून, संशय, कबुली,
सगळं एका ओहोटीत उरकतं.
त्यातला इन्स्पेक्टर फार बोलतो,
त्याची पानं उडवलीत तरी चालेल.
स्वयंपाकीणबाईंवर तेवढं लक्ष ठेवा.
याहून जास्त मी सांगणार नाही.

जास्त सांगणं आमच्यात पाप.
कस्टममधून निवृत्त झालेले विलणकर
पान सातवरच पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहायचे.
तीन पुस्तकं नासली तेव्हा अक्षर ओळखलं मी.
आता त्यांना फक्त प्रवासवर्णनं.
तर बिचारे त्यातही
कोण कुठल्या गाडीनं उतरलं, कोण नाही,
याची टिपणं काढत बसतात.

लिलाव आटपला की सुगंधा पावसे
या पायरीवर टेकते, पाय पसरून.
तिच्याकडून आलेल्या पुस्तकात
खुणेला जिताड्याचा खवला असतो.
'विष नको गं,' म्हणते, 'माणूस सोसत राहतो. गोळी चालेल.'
खुनी तिला कायम आधी कळतो:
'भाव पाडणारा नजर चुकवतो ना,
तस्साच चुकवतोय बघ हा मेला.'

झुलेखा मुकादम शेवट वाचत नाही.
पुस्तक परत येतं तेव्हा
शेवटच्या प्रकरणाची पानं
खाऱ्या हवेनं चिकटलेली असतात,
चिकटलेलीच.
मी कधी विचारलं नाही.
तिचा भाऊ ज्या ट्रॉलरवर होता
तो ट्रॉलर परत आला,
एवढं सगळ्या खाडीला माहीत आहे.

म्हणून तिच्यासाठी वरच्या फळीवरचं काढलं.
त्याची शेवटची अकरा पानं वाळवीनं खाल्लीत,
मी या खिडकीत बसायच्या आधीच.
बेपत्ता माणसाचा कोट सापडतो,
बंदरातला म्हातारा एकदाचा तोंड उघडतो,
'मी पाहिलं त्याला. तो तर'
आणि तिथंच भोक.
देताना हात कचरला. म्हटलं, याला शेवट नाही हं.
'बघू,' म्हणाली, आणि पिशवीत टाकलं,
अस्तराच्या कापडाखाली.

पंधरा दिवस ठेवून घेतलं.
परत आलं तेव्हा मागच्या पानाशी
तिच्या मापांच्या वहीतला एक कागद,
वर कुणाची तरी छाती छत्तीस, बाही साडेनऊ,
खाली निळ्या शाईत, सावकाश अक्षरात:
'तो तर चहा प्यायला थांबला होता.'

कागद मी काढलेला नाही.
ते पुस्तक सध्या मागू नका.
ती विचारत नाही, पण खिडकीपाशी आली
की वरच्या फळीकडे एकदा बघते.

हं, बोट वळली. दोर टाकतायत.
डिपॉझिट नको, नाव सांगा फक्त,
आणि पुढच्या वेळेसाठी विचारून ठेवते,
विष चालतं ना तुम्हाला?