तिसरा गाळा

अर्जात मी लिहिलं होतं: स्थलांतर.
तायाप्पा भोई म्हणाले, चढण म्हणा की.
चढणीचा मासा.
गढूळ पाणी नाकाला लागलं
की त्याला भिलवडी कळत न्हाई, औदुंबर कळत न्हाई,
वर जायचं, एवढंच कळतंय.

दोनशे बारा मासे आम्ही धरले आणि सोडले.
ओल्या फडक्यात गुंडाळून, पट्टीवर आडवे निजवून,
पाठीच्या पराखाली पिवळा टॅग:
त्याचा क्रमांक, माझा मोबाईल.
कानस, खडस, आणि एक वांब,
जी तायाप्पांच्या हातातून दोनदा निसटली.
तिसऱ्यांदा तेच म्हणाले, जा बाई,
तुला कुठं लिहितावाचता येतंय.

मग वर्षभर फोन.
एकानं विचारलं, ही लॉटरी आहे का?
टॅग परत आले नऊ.
त्यातले सात बंधाऱ्याच्या खालून,
जिथं सोडले तिथून हाकेच्या अंतरावर,
भिंतीशी घुटमळता घुटमळता जाळ्यात आलेले.
आठवा मिरजेच्या एका खानावळवाल्यानं पाठवला,
प्लास्टिक जरा वितळलेलं, हळदीचा वास.
नववा, क्रमांक एकशे त्रेसष्ट,
बंधाऱ्याच्या वर सहा मैलांवर, पूर ओसरल्यावर
उसाच्या सरीत हिराक्काला सापडला.
मासा न्हाई गं, म्हणाली,
नुस्ता काटा आणि तुझी चिठ्ठी.

त्या आठवड्यात बंधारा पाण्याखाली होता.
नदीला भिंत नव्हती.
आम्हीही नव्हतो गावात;
परक्या शाळेत, चौथीच्या वर्गात, सतरंजीवर,
फळ्यावर कुणाचे तरी पाढे.
आमच्या स्थलांतराचा पंचनामा झाला.

बैठक सांगलीला. विषय क्रमांक सात: इतर.
मी तक्ता लावला.
डावीकडे पाणी गढूळ झालं त्या तारखा,
उजवीकडे बर्गे काढायचा आदेश आला त्या.
मधले दिवस: नऊ. चौदा. एका वर्षी एकवीस.
तेवढे दिवस पोटात अंडी घेऊन
खालच्या डोहात रांग.
साहेब वाईट नव्हते.
चष्मा पुसत म्हणाले,
पाणी लाभधारकांचं असतं, मॅडम.
मासा लाभधारकांत येत नाही.
कुठल्या रकान्यात बसवू, सांगा.
मी म्हटलं, एकाच गाळ्याचे वरचे दोन बर्गे,
पंधरा दिवस आधी. बाकी सगळं तुमचं.
त्यांनी लिहून घेतलं: तपासून सादर करावे.
चहा आला.

तपासायचं म्हणून मी जुन्या नोंदवह्या मागवल्या
आणि त्यात अप्पांचं अक्षर निघालं.
सव्वीस वर्षं ते त्याच बंधाऱ्यावर चौकीदार.
दिवाळीच्या आगेमागे बर्गे बसवायचे,
फटीत चिखल, पाचट, फाटकी पोती
हातानं कोंबायची; त्यांच्या नखांतला गाळ
लग्नाच्या फोटोतही दिसतो.
दर साली एक ओळ:
तिसरा गाळा, गळती.
पुढच्या साली: तिसरा गाळा, गळती.
दोन मेमो, खळीनं चिकटवलेले.
तरी पुढच्या पानावर, तितक्याच ठाशीव अक्षरात,
तिसरा गाळा, गळती.

घरी गेले तेव्हा ते शेंगा फोडत बसले होते.
दुरुस्त का नाही केलात?
बसतच नव्हता तो बर्गा, म्हणाले.
एक शेंग फोडली, दाणे न खाता ताटात टाकले.
वाकडा होता.
सव्वीस वर्षं?
त्यांनी टरफलं गोळा केली, उठले,
शेळीपुढं टाकून आले.
मग उंबऱ्यातूनच, माझ्याकडे न बघता:
रात्री तिथं टॉर्च मारली तर
पाणी उलटं चढताना दिसायचं.

आता नवे लोखंडी दरवाजे आहेत.
गळती शून्य, असा फलक आहे.

अहवालाचं शेवटचं पान: शिफारशी.
पहिली लिहून ठेवलीय: तिसरा गाळा.
पुढचा शब्द अडलाय.
वाकडा, याला शासकीय मराठीत काय म्हणतात,
तायाप्पांना विचारून झालं,
साहेबांनाही.