किरकोळ खर्च

बंकटशेठांनी विमान घेतलं, जुनं,
चार खुर्च्यांचं, माझ्या लग्नाच्या सालातलं.
किंमत मी एका ओळीत लिहिली.
मग ओळी थांबेचनात.

इंजिनाचे तास संपत आलेत, मेकॅनिक म्हणाला.
तासही संपतात, हे मला तेव्हा कळलं.
पंखा हैदराबादला गेला, आला, त्याचं भाडं.
रेडिओ चालतो, पण चालत नाही,
म्हणजे नियमात बसत नाही.
नवा आणला तर त्याला जुन्या तारा चालेनात.
तारा काढल्या, तर पत्र्याखाली गंज.
जालन्यात, लोखंडाच्या गावात राहून
गंजाला एवढे पैसे आम्ही पहिल्यांदाच मोजले.

शेठाणी विचारायच्या, "आज किती?"
मी चष्मा पुसायचो.

खातं कोणतं धरू? वाहन? यंत्र?
"सध्या किरकोळमध्ये टाका," शेठ म्हणाले.
किरकोळ. सत्तावीस पानं.

माघात एकदा मलाही बसवलं.
धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलणाऱ्या पोराला
पन्नास रुपये, पावती नाही.
खाली घाणेवाडीचा तलाव, भट्ट्यांचा धूर,
बियाण्यांच्या गोदामांचे पत्रे;
माझं घर काही सापडलं नाही.
अकरा मिनिटं.
मी मनातल्या मनात खर्चाला मिनिटांनी भागत होतो,
भागाकार कुठेतरी सुटला.

उतरल्यावर शेठांनी हळूच विचारलं,
"काय मुनीमजी?"
पुढचं टायर, म्हणालो, झिजलंय.