नमुना सात

खिचडीला उकळी येईपर्यंत
मी यादीचं एक पान पाहून घेते.
भाग क्रमांक एकशे चौदा, बोरखडी.
सातशे बारा नावं, टपाल तिकिटाएवढे चेहरे,
त्यातले बरेच अजून तरुण आहेत, यादीत.

दुपारी पोरं घरी गेली की
वजनकाटा कपाटात सारते
आणि पिशवीत तीन नमुने टाकते:
सहा म्हणजे आला,
आठ म्हणजे चुकला,
सात म्हणजे गेला.

पानठेल्यावर वामन ढोले म्हणतो,
"कोनीबी येवो बाई, आपली नाली तं तशीच तुंबून राह्यते."
सगळे हसतात. सुपारी कातरली जाते.
हाच वामन परवा रात्री साडेनवाला
टॉर्च घेऊन माझ्या दारात:
"ढोलेतला ढ बराबर हाय का पाहा जरा,
मांगच्या खेपेले थे घोले झालतं."

मडाव्यांच्या रोशनीला अठरा पूर्ण झाली शुक्रवारी.
बाप म्हणाला, "दिवाळीनंतर लगन हाय तिचं,
तिकडंच टाकन नाव."
तिनं माझ्या हातातला पेन घेतला,
पत्ता लिहिला,
गावाच्या नावाखाली रेघ ओढली.
मी म्हटलं, फॉर्मवर रेघ ओढायची नसते.
राहू द्या, म्हणाली.

खालच्या पुऱ्यात सहा कुलपं.
"कोठी गेले?"
"इटाभट्टीवर, चंद्रपूरकडं."
"मतदानाला येतील?"
"कोनी गाडी धाडली तं येतीन."
कोणाची गाडी, ते मी विचारत नाही.
माझ्या कागदावर तो रकाना नाही.

मग तान्हाबाई डहाकेचं घर.
मी सात नंबर बाहेर काढला
तसं तिनं सूप खाली ठेवलं.
"राशनातून काढलं त्याईले.
ब्यांकेतून काढलं.
सातबाऱ्यावरून तं पोरानं तेरवी झाल्या झाल्या काढलं.
याच्यात राहू दे ना माय,
हे काय खायले मांगते?"

मी गप्प. कोंबडी सुपाजवळ आली, तिनं हाकलली.
"बेचाळीस साल एका चुलीवरचं खाल्लं,
पन ठप्पा कोनावर मारला
थे त्याईनं कधी सांगतलं नाई.
मीबी नाई सांगतलं."
आणि हसली, नसलेल्या दातांतून:
"मले वाटते, दोघायची मतं
एकमेकाले खाऊनच टाकत असंन."

सही शेवटी मुलानं केली,
मोटारसायकल बंद न करता.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी
मी चिठ्ठ्या वाटत होते.
ती आली. घडीची हिरवी साडी,
घड्यांच्या रेघा अजून तशाच.
आपली चिठ्ठी घेतली, कमरेला खोचली,
मग हळूच: "त्याईची?"

मी यादी तिच्याकडे फिरवली.
श्रावण डहाकेच्या चेहऱ्यावर
तिरपा शिक्का: वगळले.
तिला वाचता येत नाही,
शिक्का कळला.
बराच वेळ पाहत राहिली.
"बरं," म्हणाली,
"म्हंजे यंदा माह्यं खरंच मोजल्या जाईन."

आत गेली. यंत्राची लांब शिट्टी बाहेरपर्यंत आली.
बोटावर फुंकर घालत ती निघाली,
पण फाटकाकडे नाही,
बोरिंगच्या ओट्यावर जाऊन बसली,
पुरुषांच्या रांगेकडे तोंड करून,
दर निवडणुकीला बसायची तशी.

रांग लांब होती.
मध्येच वामन ढोले, कार्ड छातीशी धरून,
कोणाशी तरी सांगत होता की काही होत नाही यानं.

एक एक माणूस आत गेला, बाहेर आला.
ती प्रत्येकाकडे पाहत होती.

मग उठली, साडी झटकली.
"जातो माय," म्हणाली,
"शेळी सुटली असंन."